‘ड्रंक अँड ड्राइव्हची केस लागली, आता सनद विसरा’ म्हणे!

लॉच्या मुलांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. ड्रंक अँड ड्राइव्हची एक केस लागली की वकिलीची सनद मिळत नाही, पासपोर्ट मिळत नाही, म्हणून पटकन दंड भरून मोकळे व्हा, दंड भरला की रेकॉर्ड राहत नाही, आणि फॉर्मवर चुकूनही काही लिहू नका, कोण तपासतंय. मी फौजदारी कोर्टात वकिली करते आणि हे वाचून मला खरंच भीती वाटली, कारण यातला शेवटचा सल्ला ऐकून पोरं स्वतःचं करिअर घालवतील.

आधी ते दंडाचं बघू. हेल्मेटचं चलन मोबाईलवरून भरलं की विषय संपतो, कारण तो गुन्हा तडजोडपात्र आहे, म्हणजे कोर्टात न जाता दंडावर मिटवता येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 तसं नाही. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की प्रकरण कोर्टात जातं, पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही. आणि कोर्टात उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हणून जो दंड भरता ना, ती दोषसिद्धी असते. म्हणजे रेकॉर्ड पुसलं जात नाही, उलट तिथेच तयार होतं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, तरी पोरं बाहेर येऊन म्हणतात, ‘सुटलो मॅडम’. अरे सुटला नाहीस, तुला शिक्षा झालीये!

मग सनद गेली का? आपोआप नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम 24अ म्हणतं की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर नोंदणी होणार नाही, आणि तो अडथळाही सुटकेपासून 2 वर्षांनी संपतो. आता नैतिक अधःपतन म्हणजे काय याची व्याख्या त्या कायद्यात नाहीये, त्यामुळे प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर बघितलं जातं. याबाबत एक निकाल बघा: पवन कुमार विरुद्ध हरियाणा, 1996. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 294 खाली (सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन) 20 रुपये दंड झाला म्हणून एका माणसाची सरकारी नोकरी गेली होती, सुप्रीम कोर्टाने ती परत दिली आणि किरकोळ दंडाच्या शिक्षेने माणसाचं आयुष्य अडू नये असं सांगितलं.

अर्थात पिऊन गाडी चालवणं किरकोळ आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. 2006 साली वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले 7 मजूर एका गाडीखाली गेले, ती केस सदोष मनुष्यवधाची झाली आणि 3 वर्षांची शिक्षा 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. तिथे 10,000 दंडाचा प्रश्नच उरत नाही.

पासपोर्टचं थोडक्यात. शिक्षेच्या कारणाने पासपोर्ट नाकारायचा तर ती शिक्षा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात, किमान 2 वर्षांची आणि मागच्या 5 वर्षांतली असावी लागते. नुसत्या दंडाने पासपोर्ट अडत नाही, केस चालू असेल तर मात्र अडू शकतो.

आता ते ‘लिहू नका’. सगळ्यात घातक हेच. सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचं नियमन करणारी संस्था) लॉ कॉलेजांना कळवलंय की शेवटच्या मार्कशीट आणि डिग्रीआधी विद्यार्थ्याने एफआयआर, चालू केस, शिक्षा, निर्दोष सुटका, सगळं जाहीर करायचं, आणि पार्श्वभूमीही तपासायची. समजा तिथून निसटलात, तरी त्याच अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम 26 आहे. महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देऊन नाव नोंदवलं असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया ते यादीतून काढू शकते, मग तुमची प्रॅक्टिस कितीही जुनी असो. नोकऱ्यांबाबत अवतार सिंग निकालात (2016) सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं की माहिती खरीच द्यायची, लपवलेली गोष्ट किरकोळ असेल तर मालक दुर्लक्ष करू शकतो, पण ते त्याच्या हातात. खरं सांगूनही तो विचार करून नाही म्हणू शकतो, हेही त्याच निकालात आहे, ते मी लपवणार नाही.

तेव्हा ज्यांच्यावर अशी केस झालीये त्यांनी त्याच कोर्टात नकलेचा अर्ज टाका, आदेशाची सर्टिफाइड कॉपी घ्या, फॉर्मवर कलम, केस नंबर, तारीख, दंडाची रक्कम स्पष्ट लिहा आणि कॉपी जोडा. आणि अजून कबुली दिली नसेल तर ती देण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा, ब्रेथ अ‍ॅनालायझरची स्लिपसुद्धा.