समोरच्या दुकानात आलं म्हणून

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. मावसभावाचं म्हणणं, ब्लिंकिट-झेप्टोसारखी दहा मिनिटांत सामान घरी आणून देणारी ॲप्स आली ते बरंच झालं, स्पर्धेशिवाय आपला किराणावाला सुधारायचा नाही. बर्लिनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला हे अर्धंच पटतं.

इथे घराखालच्या बेकरीच्या काचेवर आजही चिठ्ठी आहे: फक्त रोख. शेजारी कार्ड चालतं, पण १० युरोंच्या वर. मशीनचं भाडं, वर प्रत्येक व्यवहारामागे कापलं जाणारं कमिशन. आजूबाजूला बहुतेक सगळेच रोख मागतात, म्हणजे गिऱ्हाईक तुटायची भीती नाही. मग बेकरीवाल्याने हा खर्च का करावा? आल्डीसारख्या बलाढ्य सुपरमार्केट साखळीनेही जर्मनीत क्रेडिट कार्ड घ्यायला २०१५ उजाडू दिलं. युरोपीय संघाने कार्डावरच्या शुल्काला मर्यादा घातली, तीही त्याच वर्षी.

सांगलीला मामांच्या दुकानात तांदळाच्या पोत्याला टेकवलेला क्यूआर आहे, बाजूला पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा. समोरच्या दुकानात तो कागद लागला, गिऱ्हाईक ‘ऑनलाइन चालतं का?’ विचारून तिकडे वळू लागलं, आणि मामांनी चार दिवसांत लावून घेतला. परवडलाही. २०१६ मध्ये आलेलं यूपीआय सगळ्यांना सारखंच खुलं, कोणतंही ॲप कोणत्याही क्यूआरवर चालतं, आणि २०२० पासून साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही.

दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्यांची स्पर्धा या जातीची नाही. गोरिलाज ही तसली कंपनी २०२० मध्ये बर्लिनमध्येच सुरू झाली. गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढली, २०२२ च्या अखेरीस तुर्की गेटिरने ती विकत घेतली, आणि २०२४ मध्ये गेटिरनेच जर्मनीतून गाशा गुंडाळला. आमच्या कोपऱ्यावरचं रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं दुकान तेवढं टिकलं.

मामांकडे तितका दम नाही. त्यांच्या खरेदीच्या भावाहून स्वस्त तेलाची पिशवी ॲपवर दिसली, तर त्यांनी त्यातून शिकायचं काय? तोट्यात विकायला? बिलिंगच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे मग दुकानाच्या भाड्यात जातात. वितरकांच्या महासंघाने २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाकडे नेलेली तक्रार नेमकी अशा सवलतींबद्दल होती. तिला ‘जुनाट लोकांची रडारड’ म्हणणाऱ्या मावसभावाने एकदा मामांच्या गल्ल्यावर बसून पाहावं.

तरी मामांनी गेल्या महिन्यात मशीनची चौकशी केलीच. समोरच्या दुकानात आलंय म्हणून.