चिंगे, सोड!

कुत्रं पाळल्यापासून माझी मान वर झालेली नाही. गंगापूर रोडला आमच्या घराजवळ एक नवीन हॉटेल झालंय, लायटिंग फार भारी आहे म्हणे, मी रोज दोन वेळा त्याच्यासमोरून जाते आणि मला फक्त त्याच्यासमोरचा फुटपाथ पाठ आहे. टपरीच्या बाजूला गुटख्याच्या पुड्या, गटाराच्या झाकणापाशी चहाचे कागदी कप, आणि गुलमोहराच्या बुंध्याशी रात्री कोणीतरी बिर्याणी खाऊन टाकलेली हाडं. वर काय चाललंय ते नवरा सांगतो.

आमची चिंगी अस्सल देशी, दिवाळीच्या सुमारास आली तेव्हा तळहातावर मावत होती. पिल्लांना दुधाचे 28 दात असतात, ते पडून साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात 42 पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात म्हणून दिसेल ते चावतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग घरात आम्ही फ्रीजमधलं गार गाजर, रबराच्या खेळण्यात दही भरून गोठवलेलं, सगळे लाड केले आणि घरात ती खरंच शहाण्यासारखी वागायची. सोफा शाबूत, चपला शाबूत. बाहेर पडलं की मात्र बाईंना गाजर नको असायचं, बाईंना रस्ता हवा असायचा. आता पक्के दात येऊन कधीच झालेत, हिरड्या गप्प आहेत, पण सवय ती सवय.

त्यात आपण नाशिकचे. संक्रांत आली की झाडांवर, तारांवर, रस्त्यावर मांजाचे गुंतवळ, नायलॉनच्या मांजावर बंदी आहे हे सगळ्यांना माहितीये, मांजाला सोडून. दोरा पोटात गेला तर आतडं कापत जातो, म्हणून महिनाभर मी पायाखालची प्रत्येक चमकणारी रेघ वाकून बघत होते. तो संपतो न संपतो तोच द्राक्षं सुरू! कोपऱ्याकोपऱ्यावर गाड्या, गाड्यांखाली गळलेले मणी, आणि द्राक्षं-मनुके म्हणजे कुत्र्याच्या किडनीला धोका, तेही किती खाल्ले की बाधतील याचा काही नेम नाही. बरीच वर्षं यातलं नेमकं काय बाधतं तेच कळत नव्हतं, मग 2021 च्या सुमारास टार्टारिक ॲसिड असावं असं प्राण्यांचे डॉक्टर म्हणायला लागले. ते चिंचेतही असतं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच चिंचेचं झाड आहे, सांगायलाच नको. डिव्हायडरवर कण्हेर फुललेली, ती मुळापासून फुलापर्यंत विषारी. आणि पाऊस पडला की भुट्टे. लोक गाडी थांबवून, लिंबू-मीठ लावून, पावसाकडे बघत वगैरे भुट्टा खातात आणि खाऊन झाल्यावर तो दांडा खिडकीतून टाकतात, तो गिळला की आतड्यात अडकतो, एक्स-रेमध्ये धड दिसतही नाही, थेट ऑपरेशन. मला आता पाऊस आणि भुट्टा असा रोमँटिक फोटो दिसला की त्यातला दांडा पुढे कुठे गेला असेल एवढंच डोक्यात येतं.

पण हे सगळं एकीकडे आणि अमावास्या एकीकडे. आमच्या चौकात उतारा ठेवतात. दहीभात, उकडलेलं अंडं, कापलेलं लिंबू, वर हळदकुंकू. चिंगीच्या दृष्टीनं ही पार्टी. एकदा पट्टा खेचून तिनं असा काही हात मारला (तोंड मारलं म्हणा) की मी ओढेपर्यंत अंडं गायब आणि नाकाला कुंकू. घरी आल्यावर सासूबाईंनी नाक बघितलं आणि जागीच बसल्या. "अगं, ज्याच्यावरून उतरवलं त्याची इडापिडा आता हिच्या पोटात!" नवरा म्हणाला, आई, अंडंच होतं ते. त्यावर त्यांनी मीठ-पाणी पाजून ओकारी काढायची तयारी सुरू केली, ती मी डॉक्टरांना फोन करून थांबवली, कारण कुत्र्याला मीठच बाधू शकतं, आणि टोकदार काही खाल्लेलं असेल तर ओकताना आणखी फाडतं, त्यामुळे आपल्या मनानं ओकवायचं नाही, आधी फोन करायचा. इडापिडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पातळ होऊन निघून गेली. सासूबाईंनी तरीही चिंगीची दृष्ट काढली, आणि ओवाळलेल्या मिरच्या बाहेर टाकायला निघाल्या तेव्हा मी हात जोडले.

आता तोंडातली वस्तू काढायची कशी. माझी जुनी पद्धत म्हणजे जबडा उघड, बोट घाल, ओढ. डॉक्टर म्हणाले, असं करू नका, हिसकावून घेतात हे कळलं की ती पुढच्या वेळी लगेच गिळून टाकेल. मागे धावायचंही नाही, तिला तो खेळ वाटतो. ओरडायचं नाही. म्हणजे थोडक्यात, कुत्र्याच्या तोंडात कोंबडीचं शिजवलेलं हाड आहे, ते कडकन मोडून त्याच्या टोकदार कपच्या होतात, त्या घशात रुतू शकतात, आणि आपण तिथे उभं राहून, मला त्या हाडात काडीचा इंटरेस्ट नाही, असा चेहरा करायचा. मी हे करून बघितलंय. मी आकाशाकडे बघते, गाणं गुणगुणते, घड्याळ बघते. चिंगी माझ्याकडे बघते, हाड दुसऱ्या गालात घेते. तिला सगळं कळतं.

ओरडायचं नाही हे मला कधीच जमलं नाही ते वेगळं. सकाळी सहाला मी त्या गुलमोहरापाशी "सोड! सोड म्हणते ना! घाण आहे ती, लाज नाही वाटत?" असं ओरडले तेव्हा बाकावरच्या एका काकांनी निमूटपणे सिगारेट विझवली. "माझ्या मुलीनंच सांगितलंय का तुम्हाला?" असंही विचारलं.

तर उपाय म्हणजे अदलाबदल. तिच्या तोंडात आहे त्यापेक्षा भारी काहीतरी नाकापाशी धरायचं, तिनं तोंड उघडलं की "सोड" म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. बिस्किटाला तिनं विचारलंच नाही. पनीरवर चार दिवस निभावलं. शेवटी उकडलेली कलेजी. आमचं घर शाकाहारी आहे, म्हणजे होतं, आता गॅलरीत वेगळी शेगडी आहे आणि माझ्या प्रत्येक कुर्त्याच्या खिशात कलेजी आहे. बँकेत पेन काढायला खिशात हात घातला आणि काउंटरवर काय पडलं ते मी सांगत नाही, समोरच्या मुलीनं मात्र ते पासबुकानं हळूच माझ्याकडे सरकवलं.

आणि या अदलाबदलीचा हिशोब चिंगीला माझ्याआधी कळला! वस्तू उचलली की कलेजी मिळते. म्हणजे वस्तू उचलायला हवी. मग ती बाटलीची झाकणं, पुड्या, एकदा तर कोणाचा तरी सॉक्स, असं काहीही उचलून माझ्यासमोर आणून बसायला लागली, चावत नाही, फक्त दाखवते. रस्त्याची साफसफाई झाली, माझा टोलनाका झाला. मग पद्धत बदलली, उचलल्यावर नाही तर न उचलता माझ्याकडे बघितलं की खाऊ. हे खरंच काम करतं, फक्त खूप वेळ खातं.

मधे जाळीचं मुसकंही आणलं. सासूबाईंनी लगेच ओळखलं, मळणीच्या वेळी बैलाला बांधायचे. ते घालून तिला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, त्रास काही नाही. त्रास मला. जाळी बघून लोक समोरून रस्ता ओलांडतात, मॉर्निंग वॉकवाल्या बायका पोरांना मागे ओढतात, आणि तुम्ही "अहो, चावत नाही ती, खाते!" असं म्हटल्यावर कोणी जवळ येत नाही, हेही लक्षात आलं.

परवा मात्र कमाल झाली. गुलमोहराखाली हे एवढं तंगडीचं हाड, आणि चिंगी थांबली, हाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बसली. माझ्या डोळ्यात पाणी. खिशात हात घातला तर कलेजी संपलेली. दुसरा खिसा, रिकामा. मी नवऱ्याला फोन लावला, म्हटलं डबा घेऊन आत्ताच्या आत्ता खाली ये. चिंगीनं जेवढी वाट बघण्यासारखी होती तेवढी बघितली आणि शांतपणे हाड उचललं.

तेवढ्यात नवरा बर्मुड्यावर, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, हातात स्टीलचा डबा, असा धावत आला. लांबूनच डब्याचं झाकण वाजलं. चिंगीनं हाड टाकलं, त्याच्याकडे झेपावली, कलेजी खाल्ली, आणि ती त्याच्या पायाशी अंग घासत असताना तो मला म्हणाला, "सोपं तर आहे. तू उगाच बाऊ करतेस."