‘त्यांनी’ म्हणजे नेमकं कोणी?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर आमच्या भागातल्या शिक्षकांच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की तोच मजकूर पुन्हा येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सर्वनाम कोणासाठी आहे ते स्पष्ट ठेवा, हा नियम इंग्रजीचा, मराठीला त्याची गरजच नाही. मराठीत तीन लिंगं आहेत, म्हणून सर्वनाम कोणाचं ते आपोआप कळतं. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, म्हणून कर्ता गाळला तरी बिघडत नाही. ‘आपला’ म्हटलं की तो कर्त्याचाच. तरीही शंका आली तर जवळचं नाम पाहावं, संदर्भावरून सगळं समजतं. आणि तेच नाव पुन्हा पुन्हा लिहिणं हे कच्च्या लेखनाचं लक्षण.

मराठीवरच्या प्रेमापोटी हे कोणीतरी लिहिलं असावं, आणि त्या प्रेमाशी माझं भांडण नाही. पण मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, लोकांचे अर्ज आणि हरकती लिहून देतो. हा मजकूर खरा मानून अर्ज लिहिला तर एखाद्या कास्तकाराचा, म्हणजे शेतकऱ्याचा, हक्क कागदावरच अडकून पडेल. म्हणून यातला एकेक दावा तपासून पाहणं मला गरजेचं वाटतं.

पहिला दावा तीन लिंगांचा. शाळेत शिकवतात त्याप्रमाणे मराठीत मूळ सर्वनामं नऊ: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यातली लिंगाप्रमाणे बदलतात ती तीनच: तो, हा आणि जो. बाकी सहा बाईसाठी जशी, तशीच पुरुषासाठी. बरं, या तिघांचा तरी भरवसा धरावा, तर विभक्ती लागली की त्यांचंही लिंग ढळतं. तो आणि ते वेगळे दिसतात. पण ‘त्याने, त्याला, त्याचा’ म्हटलं की पुल्लिंग आणि नपुंसकलिंग एक झालं. माणूस आणि त्याचं वासरू दोघंही ‘त्याला’. अनेकवचनात तर काहीच उरत नाही. ‘त्यांनी, त्यांना, त्यांचा’ यात पुरुष, बाया, पोरं, ढोरं सगळी एकाच रूपात बसतात.

आता यात आपली आदराची रीत मिळवा. मराठीत मान द्यायचा तर अनेकवचन वापरतात. म्हणजे ज्या व्यक्तीला आपण मान देतो, ती बाई आहे की पुरुष आणि ती एक आहे की अनेक, या दोन्ही खुणा ‘त्यांनी’ या रूपातून पुसल्या जातात. ‘तिनं सांगितलं’ यात निदान बाई दिसते; ‘त्यांनी सांगितलं’ यात कोणीच दिसत नाही. कागद जितका अदबीचा, तितकं सर्वनाम धूसर. फिरणाऱ्या मजकुरात याचा उल्लेखही नाही, आणि सरकारदरबारचा आपला सगळा लेखी व्यवहार तर अदबीचाच असतो.

ग्रामसभेच्या इतिवृत्ताचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये बायांना ५० टक्के आरक्षण आहे. गावोगाव बाई सरपंच आहेत. समजा इतिवृत्तात असं लिहिलं: ‘सरपंच व त्यांचे पती सभेस हजर होते. पाणीपुरवठ्याच्या विहिरीची जागा बदलावी, असे त्यांनी सुचवले.’ कोणी सुचवलं? सरपंचबाईंनी, त्यांच्या नवऱ्यानं, की दोघांनी मिळून? या वाक्यातून तिन्ही अर्थ निघतात आणि तिन्ही व्याकरणानं बरोबर आहेत. नवराही गावचा मतदार आहे, त्याला सभेत बोलता येतं. पण मतदाराची सूचना आणि सरपंचाची सूचना यांचं वजन एक नाही. आमच्याकडे बाईच्या नावावर नवराच कारभार चालवतो, अशी ओरड नेहमी असते, आणि कैकदा ती खरी असते. पण जिथे बाई स्वतः उभी राहून बोलली, तिथेही इतिवृत्तातल्या एका ‘त्यांनी’मुळे तिचं बोलणं नवऱ्याच्या खात्यावर जमा होऊ शकतं. मला हे फार लागतं. भर सभेत तोंड उघडायला त्या बाईला किती बळ लागलं असेल, आणि कागदावर तिची खूणही राहू नये! ‘सरपंच श्रीमती अमुक यांनी सुचवले’ असं लिहायला शाईचा एक थेंब जास्त लागत नाही.

बोलीत तर आम्ही याच्याही पुढे आहोत. ‘थे आली’ म्हणजे ती बाई, ‘थे आले’ म्हणजे ते बुवा किंवा सगळे मिळून. बोलताना हे खुशाल चालतं. समोरचा लगेच विचारतो, ‘कोन थे?’, आणि आपण बोट दाखवतो. तहसीलच्या टेबलावर पडलेल्या अर्जाला असं कोणी विचारत नाही.

दुसरा दावा क्रियापदाचा, आणि तो सगळ्यात जास्त फसवा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. ‘गेला, गेली, गेले’ यात कर्ता दिसतो. पण बहुतेक सकर्मक क्रियापदं साध्या भूतकाळात आली की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. त्यानं भाकर खाल्ली, तिनं भाकर खाल्ली, पंगतीतल्या सगळ्यांनी भाकर खाल्ली: ‘खाल्ली’ हे भाकरीचं रूप आहे, खाणाऱ्याबद्दल त्यात अक्षरही नाही. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून पाठ केलेलं असतं. ‘त्यांनी त्याला मारलं’ या भावे प्रयोगात तर क्रियापद मारणाऱ्याकडेही पाहत नाही आणि मार खाणाऱ्याकडेही नाही.

आता आठवून पाहा, तक्रारीत, फिर्यादीत, जबाबात काय असतं? कोणी काय केलं, याची भूतकाळातली हकिकत. तोडलं, फोडलं, नेलं, नांगरलं, मारलं, घेतलं. सगळी सकर्मक क्रियापदं. म्हणजे ‘कोणी?’ हाच जिथे मुख्य प्रश्न, नेमकं तिथेच मराठी क्रियापद कर्त्याबद्दल गप्प बसतं. आणि मजकूर सांगतो, कर्ता गाळला तरी चालेल!

धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण घ्या. खरिपाच्या तोंडावर असे अर्ज तालुक्यात येतातच. ‘शेजारचे कास्तकार ट्रॅक्टर घेऊन आले. माझे मोठे भाऊ वावरातच होते. शब्दाला शब्द लागला. मग धुरा फोडला, हद्दीचे दगड उपटून फेकले.’ लिहिणाऱ्याच्या मनात शेजारीच आहे, त्याला शंकाच नाही. पण ‘फोडला’ हे धुऱ्याचं रूप आणि ‘फेकले’ हे दगडांचं. समोरच्याचा वकील सहज म्हणू शकतो की भावानंच रागाच्या भरात दगड फेकले, तुमच्या अर्जात दुसरं काय लिहिलंय? हद्दीच्या खुणा काढून टाकणं हा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे दंडाचा विषय आहे. दंड कोणावर बसवायचा हे ज्या वाक्यावर ठरायचं, त्यातच कर्ता नाही. ‘शेजारी कास्तकारांनी धुरा फोडला आणि त्यांच्या ट्रॅक्टरवाल्यानं दगड उपटून फेकले’ असं लिहिलं की वाद घालायला जागा राहत नाही.

‘आपला’बद्दल फार लिहीत नाही. ‘सरपंचांनी ग्रामसेवकाला आपलं दप्तर आणायला सांगितलं’ हे एक वाक्य पुरे. सांगणारे सरपंच, म्हणून दप्तर सरपंचांचं असेल. आणणारा ग्रामसेवक, म्हणून ग्रामसेवकाचंही असेल. आणि सांगणारा गावातलाच माणूस असेल तर ‘आपलं’ म्हणजे आपल्या सगळ्या गावाचं. अर्जात यात चौथा माणूस शिरतो: ज्याला अर्ज लिहिला तो साहेब. ‘आपल्या कार्यालयात’ म्हणजे साहेबांच्या, ‘आपल्या गावची पांदण’ म्हणजे अर्जदाराच्या, आणि ‘गैरअर्जदाराने आपल्या वावरात पाणी सोडले’ म्हणजे देव जाणे कोणाच्या. मराठीकडे यावर फार चांगली सोय आहे, ती आपण वापरत नाही. ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही. साहेबांना लिहिताना ‘आमच्या गावची पांदण’ आणि ‘माझ्या वावरात’ असं लिहावं, आणि ‘आपण’ हा शब्द त्या अर्जापुरता फक्त साहेबांसाठी राखून ठेवावा.

चौथा दावा: जवळचं नाम पाहा. संगणकाला माणसाची भाषा समजावी म्हणून झटणाऱ्यांमध्ये एक उदाहरण प्रसिद्ध आहे. टेरी विनोग्राड या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये ते दिलं. मराठीत ते असं होईल: ‘नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसेची भीती वाटत होती.’ इथे ‘त्यांना’ म्हणजे नगरसेवकांना. शेवट बदलून ‘कारण त्यांना हिंसा हवी होती’ असं लिहा. आता ‘त्यांना’ म्हणजे मोर्चेकऱ्यांना. नामं तीच, जागा त्याच, सर्वनामही तेच. अंतर मोजून काही हाती लागलं नाही; जगाची रीत ठाऊक होती म्हणून अर्थ लागला. म्हणजे वाचणाऱ्याला ती रीत, ती माणसं, ते गाव ठाऊक असेल तरच संदर्भ मदतीला येतो. तुमच्या गावात कोण कोणाचा चुलतभाऊ, हे बदलून आलेल्या तहसीलदाराला कुठून ठाऊक असणार?

वारस लावण्याच्या अर्जात हे फार जाणवतं. ‘सदर जमीन मयत खातेदार व त्यांचे बंधू यांच्या नावे होती. त्यांच्या पत्नीचे नाव लावण्यात यावे.’ कोणाच्या पत्नीचं? जवळचं नाम पाहिलं तर भावाच्या बायकोचं. अर्जदाराच्या मनात मात्र खातेदाराची विधवा. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल, गाव नमुना ६ मध्ये नोंदला जातो आणि तिथून नाव सातबाऱ्यावर येतं. उद्या नातवंडं हा कागद काढून बसतील, तेव्हा ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या हे सांगणारं घरात कोणी नसेल.

माणसांपुरतंच हे नाही. ‘यामुळे’ आणि ‘त्यामुळे’ हीसुद्धा सर्वनामाचीच रूपं, आणि ती आख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतात. ‘बियाणे नीट उगवले नाही. पेरणीनंतर पावसानेही खंड दिला. यामुळे दुबार पेरणी करावी लागली.’ कशामुळे? सदोष बियाण्याची तक्रार कृषी विभागाकडे जाते, वावरात पाहणी होते, आणि त्या पाहणीचा अहवाल घेऊन कास्तकार ग्राहक आयोगाकडे भरपाई मागू शकतो. पावसाच्या खंडाची वाट वेगळी, तिचा बियाणे कंपनीशी संबंध नाही. ‘यामुळे’ असं लिहून कास्तकारानं कंपनीच्या हाती आयतं कारण दिलं: पाऊस नव्हता, तुम्हीच लिहिलंय. ‘बियाणे न उगवल्यामुळे’ असंच लिहायला हवं होतं. आणि शेजारच्या वावरात त्याच दिवशी पेरलेलं दुसरं बियाणं उगवलं असेल, तर तेही तिथेच नोंदवावं.

राहिला नाव पुन्हा लिहिण्याचा दावा. ज्यांच्या धंद्यात एका शब्दाची चूक महाग पडते, ती माणसं काय करतात ते पाहा. खरेदीखतात सुरुवातीलाच एकाला ‘लिहून देणार’ आणि दुसऱ्याला ‘लिहून घेणार’ म्हटलेलं असतं, आणि मग शेवटच्या ओळीपर्यंत तेच शब्द येतात. पोलिसांच्या कागदात फिर्यादी आणि आरोपी, दिवाणी दाव्यात वादी आणि प्रतिवादी, महसुलात अर्जदार आणि गैरअर्जदार. एका पानावर तोच शब्द पंधरा वेळा आला म्हणून कोणी त्या दस्तलेखकाला अडाणी म्हणत नाही. या कागदांची भाषा जड असते, ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ यांचा त्यात सुळसुळाट असतो, ते मलाही आवडत नाही. ‘सदर इसम’ म्हणूनही दोघांपैकी कोणता इसम हे कळत नाहीच. पण माणसाला एक ठरलेलं नाव देऊन ते शेवटपर्यंत पाळायचं, ही त्यांची सवय घेण्यासारखी आहे.

आणि ही सवय इंग्रजीतून आलेली नाही. मराठी गद्याचं फार जुनं रूप आपल्याच विदर्भाशी, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेलं आहे. तेराव्या शतकातलं लीळाचरित्र उघडून पाहा. संवाद सुरू झाला की ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ (सर्वज्ञ म्हणजे चक्रधरस्वामी) हे पुन्हा पुन्हा येतं, कोण बोललं ते नावानं सांगितलं जातं. चक्रधरस्वामींचा शब्द स्वामींचाच राहावा, ऐकणाऱ्याच्या बोलण्यात मिसळू नये, याची काळजी त्या लिहिणाऱ्यांना होती. नाव पुन्हा लिहिल्यानं मराठीचं सौंदर्य बिघडतं म्हणणाऱ्यांनी ती पानं वाचावीत.

कथेत, कवितेत, मायबापाला लिहिलेल्या पत्रात सर्वनामं हवी तशी वापरा. तिथे वाचणारा आपला असतो, आणि एकच माणूस बोलण्यात असेल तर दर ओळीला त्याचं नाव घेणं खरंच कानाला खुपतं. माझा आग्रह आहे तो दोन माणसं एकाच अदबीनं एका परिच्छेदात आली तिथल्यासाठी. अर्ज लिहून झाला की मी तो गावाबाहेरच्या कोणालातरी वाचायला देतो, बहुतेक वेळा शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोराला, आणि प्रत्येक ‘त्यांनी’वर बोट ठेवून विचारतो, ‘हे कोण?’ तो अडखळला की तिथे नाव घालतो, मगच अर्जदाराची सही किंवा अंगठा घेतो.