कॅनव्हासवर छापलं की 100 वर्षं टिकतं? बघू तरी

फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. आजोबांचा फोटो कॅनव्हासवर जिक्ले प्रिंट करून घ्या, म्युझियम क्वालिटी, 100 वर्षं रंग जात नाही, काचेची गरज नाही, ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यात तिसऱ्यांदा आला म्हणून लिहितोय.

आधी ते 100 वर्षं. असे आकडे लॅबमधून येतात. प्रिंट किती टिकतात ते तपासणाऱ्या विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या अमेरिकन लॅबच्या टेस्टमध्ये रोज 12 तास 450 लक्स उजेड, 24 डिग्री आणि 60 टक्के आर्द्रता धरून वर्षं काढतात, तीही ठराविक शाई आणि ठराविक कागद किंवा कॅनव्हासच्या जोडीची, वर परत काचेमागचा आकडा वेगळा आणि उघड्यावरचा वेगळा. मग काच नको आणि 100 वर्षं हे एका दमात बोलायचं असेल तर निदान उघड्यावरचा आकडा सांगा की राव! त्यात मुंबईत जुलैला आर्द्रता सहज 80 च्या वर जाते आणि आपण फोटो टांगतो कुठे, तर बाल्कनीसमोर, भर उन्हात.

जिक्ले म्हणजे म्युझियम क्वालिटी, हे तर काहीच्या काही. 1991 मध्ये अमेरिकेत जॅक डुगान या प्रिंटरने इंकजेट प्रिंटला जरा भारदस्त नाव हवं म्हणून फ्रेंचमधून हा शब्द काढला, अर्थ साधारण फवारलेलं. तेव्हाच्या आयरिस नावाच्या इंकजेट मशीनमध्ये डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई असायची आणि ते सुरुवातीचे प्रिंट लवकर फिके पडायचे. दुकानात नाव नका विचारू, शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची, जास्त टिकणारी) की डायची ते विचारा, आणि कॅनव्हासवर यूव्ही टॉर्च मारून बघा, निळसर चमकला तर त्यात ब्राइटनर, म्हणजे जास्त पांढरं दिसावं म्हणून घातलेलं रसायन आहे, तो विझला की पांढरा भाग पिवळट दिसायला लागतो.

आता ओलं फडकं. आमच्याकडेही आजोबांचा असा कॅनव्हास होता, दिवाळीच्या साफसफाईत आईने तो ओल्या फडक्याने पुसला आणि आजोबांच्या काळ्या टोपीचा रंग फडक्यावर! शाई बसते ती कॅनव्हासवरच्या थरात, त्यावर वॉर्निश मारावं लागतं, दुकानदाराने ते मारलंच नव्हतं. फ्रेमवर ताणून स्टेपल मारताना कोपऱ्यांवर तो थर तडकून पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या त्या वेगळ्याच.

कॅनव्हासवर लाइट चमकत नाही, वजनाला हलका, हे मान्य. भिंतीला ओल असेल तर मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळते.

आम्ही नंतर सुती कागदावर पिगमेंट प्रिंट काढून, माउंट घालून काचेच्या फ्रेममध्ये लावला. जुना कॅनव्हास आईने टाकू दिला नाही, तो आतल्या खोलीत आहे, टोपीवर बरोबर हार येतो.