बँजो, दोन संस्था आणि संयुक्त मानापमान : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, चार ओळीत उत्तर द्यावं अशी ती नाही म्हणून सवडीने लिहितेय. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी, आमच्या इथे नॉर्थ कॅरोलायनात, रालीच्या आसपास, दोन छोट्या हौशी नाट्यसंस्थांनी मिळून ‘ब्राइट स्टार’ हे ब्लूग्रास (बँजो, फिडल, मँडोलिनवर वाजणारं इथलं संगीत) म्युझिकल केलं, मी प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर होते, त्याबद्दल लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की दोन संस्था एकत्र येतात म्हणजे एकट्याची कुवत नाही, नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, तीन महिन्यांत बंद पडलेलं, गोष्ट फिल्मी, आणि त्यांच्या मंडळाचं संगीत नाटक पेटीवाल्यावाचून अडलंय तिथे मिरवणुकीतल्या बँजोचं कौतुक मराठी बाईने कशाला करावं.

बँजोचं आधी सांगते. गणपतीत आपल्याकडे बँजो पार्टी वाजवते तो वेगळा, त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात, तो मुळात जपानी वाद्यावरून आलेला बुलबुलतरंग. इथला बँजो म्हणजे गोल कातड्यावर ताणलेल्या पाच तारा, आणि तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या आठवणीतून इथे तयार झाला. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, राहिलं, चूक माझी. दुसरी चूकही कबूल करते, मी ब्लूग्रासला सरळ ‘लोकसंगीत’ म्हटलं होतं. मुळं लोकसंगीतात आहेत, पण आजचं ब्लूग्रास रेडिओवर वाजवणाऱ्या व्यावसायिक लोकांनी घडवलं, केंटकीचा बिल मन्रो आणि त्याच्या बँडमध्ये १९४५ च्या डिसेंबरात आलेला अर्ल स्क्रग्ज, जो आमच्याच राज्यातल्या शेल्बीजवळचा. तीन बोटांनी बँजो वाजवायची त्याची पद्धत आज जगभर शिकतात.

आता कुवतीचं. हो, एकटीची कुवत नव्हती, दोघींचीही नव्हती, आणि मला सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. एका संस्थेकडे हॉल, लाइट्स आणि सुतारकामाची जागा, दुसरीकडे गाणारी माणसं आणि कपडेपट, आणि या नाटकाला १९२३ आणि १९४५ असे दोन काळांचे कपडे लागतात. पण फिडल (म्हणजे व्हायोलिनच), मँडोलिन, बँजो वाजवणारे दोघींकडेही नव्हते. ते मिळाले मंगळवारी संध्याकाळी एका कॉफीच्या दुकानात जमून वाजवणाऱ्या लोकांमध्ये. त्यातले दोघे नोटेशन वाचतच नाहीत, कानावर वाजवतात, आणि म्युझिकलचा तर प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला! पहिले दोन आठवडे नुसता गोंधळ. मग आमच्या संगीत दिग्दर्शिकेने सगळी गाणी स्वतः रेकॉर्ड करून त्यांना फोनवर पाठवली, आणि ते पुढच्या मंगळवारी पाठ करून आले.

खरी अडचण पुढे आली. नटाचं वाक्य संपेपर्यंत वादकांनी सुरांचा तोच तुकडा घोळवत ठेवायचा, इथे त्याला वॅम्प म्हणतात, आणि नट रोज वेगळा वेळ घेतो. काका तुम्ही तर संगीत नाटकं पहिल्या रांगेत बसून पाहिलीत, ऑर्गनवाला नटाच्या तोंडाकडे बघत सूर धरून कसा थांबतो ते तुम्हाला मी काय सांगणार. आमच्या बँजोवाल्याला ते जमेना कारण तो आयुष्यभर दुसऱ्या वादकाकडे बघत वाजवत आला, नटाकडे बघायची सवयच नाही. त्यात बँजोचा आवाज इतका की संवाद बुडायचे, शेवटी त्याने स्वतःच कातड्याच्या मागे टॉवेल खुपसला. आणि नायिका होणारी मुलगी तालमीनंतर अर्धा तास त्याच्यासमोर बसून नुसती वाक्यं म्हणायची, कधी सावकाश, कधी भराभर. तिसऱ्या प्रयोगाला तिचा एक संवाद अडकला, ती थांबली, आणि हा पठ्ठ्या शांतपणे तोच तुकडा फिरवत राहिला तिला शब्द सापडेपर्यंत. मी विंगेत होते, डोळ्यात पाणी आलं.

ब्रॉडवेवर चाललं नाही हे खरंच आहे, २४ मार्च २०१६ ला उघडलं आणि २६ जूनला बंद. टोनी या ब्रॉडवेच्या मोठ्या पुरस्कारांची पाच नामांकनं मिळाली पण ते ‘हॅमिल्टन’ या गाजलेल्या म्युझिकलचं वर्ष, बाकीच्यांना कोण विचारणार. पण तिथे न चालणं आणि नाटक वाईट असणं एकच का? छोट्या संस्था हे नाटक आवडीने करतात कारण वादक स्टेजवरच एका लाकडी खोपटात बसवता येतात, फार मोठं नेपथ्य लागत नाही, आणि एकाच नटीला सोळा वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांनंतरची कडक संपादिका दोन्ही करायला मिळतं. शिवाय गोष्ट इथलीच, झेब्युलन हे नाव स्टेजवर आलं की हॉलमध्ये कुजबूज होते कारण ते गाव आमच्यापासून गाडीने फार लांब नाही. आणि चालत्या आगगाडीतून बॅगेत घालून फेकलेलं मूल, ज्याला तुम्ही फिल्मी म्हणालात, तसं १९०२ मध्ये मिझुरीत खरंच घडलं होतं आणि ते मूल वाचलं होतं.

राहिलं आपलं संगीत नाटक. काका, ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन नाटक मंडळ्या एकत्र, बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव भोसले नायक धैर्यधर. त्या दोघांची कुवत कमी होती असं कुणी म्हणेल? दोघांचे आपापले चाहते, उघड चुरस, तरी एका स्टेजवर उभे राहिले, आणि पुढच्या तीन महिन्यांत केशवराव गेले. तेव्हा हे दोघं ‘आपल्यापुरतं आपण बघू’ म्हणाले असते तर ती रात्र झालीच नसती.

तुमच्या मंडळाचं नाटक अडलंय हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. गावातल्या दुसऱ्या मंडळाकडे, भजनी मंडळात, शाळेच्या गाण्याच्या बाईंकडे विचारून झालंय का? नाटकात वाजवलेला माणूसच हवा असा हट्ट नको, चांगली साथ करणारा असला तर थांबायचं कुठे हे तालमीत शिकवता येतं, आम्हाला सहा आठवडे लागले. डिसेंबरात मी पुण्यात तीन आठवडे आहे, तालीम असेल तर कळवा, प्रॉपर्टी मी सांभाळीन.