खाडा पडल्यानंतरचा दिवस

जून महिन्यात माझं चालणं सलग एकोणीस दिवस बंद होतं. हे आधीच सांगते. गेल्या आठवड्यात माझा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट चांगला आल्याचं कळल्यावर चार-पाच जणींनी "काय जिद्द आहे गं तुझी" असं लिहिलं, आणि मला ते खरंच पटत नाहीये. जिद्द माझ्याकडे आधीही होती. तीन वेळा सुरुवात केली ती जिद्दीनेच, आणि तिन्ही वेळा सोडलं.

पहिल्यांदा पुतणीचं लग्न होतं म्हणून. लग्न झालं, फोटो आले, चालणं संपलं. दुसऱ्यांदा शहरात जिमची वर्षाची फी भरली, जुलैच्या पावसात स्कूटरवरून दोनदा भिजत गेले आणि तिसऱ्यांदा गेलेच नाही. तिसऱ्यांदा ते एकवीस दिवसांचं चॅलेंज. चौदाव्या दिवशी ताप आला. दोन दिवस पडून होते. उठले तेव्हा मोबाइलवरचा सलग दिवसांचा आकडा शून्यावर आला होता आणि तो शून्य बघून मला जे वाटलं ते अजून आठवतं. तेरा दिवस चाललेले माझे पाय कुठे गेले नव्हते, पण मी मनातून सगळंच पुसून टाकलं.

मग या जानेवारीत एचबीए१सी आलं ६.२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा त्याच्या पुढे मधुमेह. माझ्या आईने सोळा वर्षं इन्सुलिनच्या सुया टोचून घेतलेल्या मी पाहिल्यात. त्यामुळे तो कागद हातात घेऊन मी गाडीतळावर बराच वेळ नुसतीच उभी होते.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मी नंतर शोधून वाचली. अमेरिकेत उंबरठ्यावरच्याच लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात सुमारे सात टक्के घट, एवढं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मधुमेहावरची गोळी दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. सातही दिवस लागत नाहीत! हा हिशोब मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. मी नेहमी "रोज" या शब्दापाशीच हरत होते.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर जायला लागले. सुरूबनापासून झरी विनायकाच्या बाजूला आणि परत. तिथे समुद्रानेच मला एक गोष्ट शिकवली. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मी रोज सहालाच जाते. म्हणजे एका आठवड्यात पायाखाली ओली, घट्ट, फरशीसारखी पुळण असते, आणि पुढच्या आठवड्यात पाणी वरपर्यंत आलेलं असतं, मग कोरड्या वाळूतून चालायचं. घोट्यापर्यंत पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात, त्याच अर्ध्या तासात अंतर जेमतेम निम्मं होतं. सुरुवातीला अशा दिवशी मी चिडून परत यायचे, आज काही खरं नाही म्हणून. अंतर मोजणं सोडलं आणि वेळ धरली, तेव्हा चिडचिड गेली. सकाळी सहाच्या सुमारास भरती असणार असली की आता मी आदल्या रात्रीच ठरवून टाकते, उद्या वाळूतून.

आणि मग जून आला. इथल्या पावसाबद्दल इथल्या लोकांना काय सांगायचं! किनारा बंद, रस्त्यावर अंधार, पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ. पहिले तीन दिवस मी खिडकीत उभी राहिले. चौथ्या दिवसापासून उठणंच बंद झालं. एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी सकाळी चहा करायला उठले तर आमची पडवी रिकामी. पडवीत असोल्या नारळांचा ढीग होता, लाकडं होती, दांडीवर न वाळणारे कपडे होते. सासूबाईंनी नारळ एका कोपऱ्यात रचून ठेवले होते, कपडे माजघरात नेले होते आणि केर काढला होता. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. मला एवढंच म्हणाल्या, "हितं चाल. पडत्यात त्या पागोळ्या पडूंदेत." या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस पावलं. मी त्या दिवशी फक्त दहा मिनिटं चालले आणि पाऊस बघत रडले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी सवय कशी लागते यावर ९६ लोकांचा अभ्यास केला होता, २०१० साली छापून आला. सरासरी ६६ दिवस लागतात, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील एवढा फरक त्यांच्या हिशोबात निघाला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे माझा तो शून्य खोटा होता. खाड्याने माझं काही मोडलं नव्हतं, खाड्याची मला जी लाज वाटली तिने मोडलं होतं.

आणखी एक बोलायचंय. "कोकणातल्या माणसाला कसला गं व्यायाम?" हे मी सतत ऐकते. आपल्या आज्या पाखाड्या चढून पाणी आणायच्या, लावणी करायच्या, डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठायच्या, त्यांना खरंच गरज नव्हती. आपण आता नाक्यावर कोथिंबीर आणायला स्कूटर काढतो आणि ताटातला भाताचा डोंगर मात्र आजीच्याच मापाचा ठेवलाय. मी भात सोडलेला नाही, सोडणारही नाही. मूद लहान केली, कुळथाची पिठी आणि मासे वाढवले, रात्री नाचणीची भाकरी. बायकांनी वजन उचललं पाहिजे हेही मला आता पटलंय. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करते आणि पाच किलोच्या तांदळाच्या पिशव्या उचलते. गुडघे दुखायचे कमी झालेत, जिन्यावरून उतरताना कठडा धरावा लागत नाही.

वजन फक्त चार किलो उतरलंय. आधीचे कपडे अजून घट्टच होतात. पण एचबीए१सी ५.८ आहे, आणि मी "पुन्हा सुरुवात केली" असं म्हणणं बंद केलंय. मी चालणारी बाई आहे, मधे काही दिवस चालले नव्हते, एवढंच.

ज्यांचं पावसात सुटलंय त्यांच्यासाठी हे लिहिलं. सोमवारची, पहिल्या तारखेची वाट बघू नका गं. दहा मिनिटं, आज, पडवीत.

गणपतीत माझा खाडा पडणार हे नक्की आहे. घरात पंचवीस माणसं, मोदक, आरत्या, जागरणं, आणि मला ते सगळं मनापासून हवंय. कॅलेंडरवर त्या दिवसांवर मी आत्ताच आडवी रेघ मारून ठेवली आहे. गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात लिहिलंय, पडवी, सकाळी ६. सासूबाईंना नारळ आधीच हलवून ठेवायला सांगितलेत.