पेरॉक्साइडबद्दल माझी चूक, आणि शेवाळ असताना खत का बंद करायचं नाही

नमस्कार दादा,

तुमची कमेंट दोनदा नीट वाचली. फिशटँकमधलं काळं शेवाळ घालवण्यावरच्या माझ्या लेखातलं प्रमाण बघून तुम्ही टँकमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं आणि सहा श्रिंप (छोट्या कोळंब्या) मेले, ही पहिली तक्रार. दुसरी म्हणजे काळं शेवाळ असताना टँकमधल्या झाडांचं खत चालू ठेवा हा माझा सल्लाच उलटा आहे, मुळा-मुठेत जलपर्णी कशाने माजते हे पुणेकराला सांगायला लागू नये.

श्रिंपचं आधी, कारण ती चूक सरळ माझी आहे. मी ४ लिटरला १ मिली लिहिलं पण ते ३ टक्केवाल्याचं माप आहे हे लिहायचं राहिलं, आणि आपल्याकडे मेडिकलमध्ये बऱ्याचदा ६ टक्क्यांची बाटली देतात, लेबलवर २० व्हॉल्यूम असं असतं. म्हणजे तुमच्या टँकमध्ये दुप्पट डोस गेला. खरंच सॉरी. लेखात आजच दुरुस्ती केलीये, ६ टक्केवालं असेल तर ८ लिटरला १ मिली, फिल्टर बंद करून सिरिंजने थेट शेवाळाच्या झुपक्यावर सोडायचं, दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर परत चालू, मॉसच्या (टँकमधल्या नाजूक झाडाच्या) जवळ अजिबात नको आणि मासे वर येऊन तोंड मारायला लागले तर वाट न बघता अर्धं पाणी बदलायचं.

आता जलपर्णी. उदाहरण एकदम बरोबर आहे पण ते पुढे नेऊन बघा ना. जलपर्णी हे शेवाळ नाही, झाड आहे. सांडपाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट तिला मिळतं, आणि पानं पाण्याच्या वर असल्यामुळे ऊन आणि हवेतला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पण हवा तेवढा, म्हणून ती जिंकते आणि खाली अंधार करून टाकते (नदीचं त्यात वाटोळंच होतं, तो विषय वेगळा). आपल्या टँकमधल्या झाडांना लाइट भरपूर असतो पण सीओटू कमी पडतो किंवा रोज वरखाली होतो, आणि काळ्या शेवाळाचं तिथेच फावतं.

शेवाळ नको तर फॉस्फेट कमी ठेवा हे १९९६ मध्ये सिअर्स आणि कॉनलिन या दोन टँकवाल्यांनी लिहिलं होतं, पुढे टॉम बार या दुसऱ्या टँकवाल्याने झाडं भरगच्च असलेल्या टँकमध्ये मुद्दाम फॉस्फेट वाढवून बघितलं तर शेवाळ काही आलं नाही. मी स्वतः दोन महिने खत बंद ठेवलेलं. काळं शेवाळ तसंच राहिलं, जुनी पानं पिवळी पडून भोकं पडली आणि अॅन्युबियस या झाडाच्या पानांवर शेवाळाचे हिरवे ठिपके आले ते वेगळेच, फॉस्फेट कमी पडलं की ते हमखास येतात.

मग खत परत सुरू केलं, सीओटू लाइटच्या दोन तास आधी सोडायला लागलो म्हणजे लाइट लागताना ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवतो, हिरवा म्हणजे पुरेसा) आधीच हिरवा असतो, लाइट ९ तासांवरून ६ वर आणला, दर रविवारी ४० टक्के पाणी बदललं. तीन आठवड्यांत नवीन झुपके येणं थांबलं. जुने आपोआप जात नाहीत, ती पानं कापावीच लागतात.

एका बाबतीत तुमचं पटतं, सीओटू नसलेल्या कमी लाइटच्या टँकला मी लिहिलेलं पूर्ण खत नकोच, अर्ध्याहून कमी पुरतं. हे पण लेखात घालतो.

आणि प्लीज, दुकानदार म्हणतो म्हणून शेवाळ खायला सकर मासा आणू नका. तो काळ्या शेवाळाला तोंड लावत नाही, फूटभर वाढतो आणि मग लोक तो नदीत सोडून येतात, जे कधीच करू नये.

तुमचा लाइट किती तास असतो आणि पाणी नळाचं की बोअरचं, तेवढं सांगा. माझ्याकडे चेरी श्रिंप खूप झालेत, टँक सेटल झाला की कोथरूडला या, दहा-बारा तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो.